आमची ही जरा ॲबसेंट-माइंडेड आहे

बाबांचं इंग्रजी ऑफिसातून यायचं. फोर्टमधल्या एका कचेरीत ते कारकून होते. येताना माणसं भाजी आणतात तसे ते अधूनमधून एखादा शब्द घरी आणायचे. 'नीडफुल' आणला, 'विथ इमिजिएट इफेक्ट' आणला. आणलेला शब्द आठवडाभर कौतुकाने वापरायचे, मग तो शिळा व्हायचा आणि आम्ही सगळेच विसरून जायचो. एकच शब्द घरात आला तो कायमचा राहिला, ॲबसेंट-माइंडेड. तो आईचा शब्द होता.

आई काही आळशी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पहाटेपासून तिचे हात चालू असायचे. पण हात एकीकडे आणि ती भलतीकडेच. भाताला दोनदा मीठ पडायचं किंवा मुळीच पडायचं नाही. दूध उतू जाणं हा तर नित्यनेम. शेगडीसमोर उभी राहून, दुधाकडे डोळे लावून ती दूध उतू जाऊ द्यायची, आता याला काय म्हणायचं? विरारला तेव्हा पाण्याचे इतके हाल की नळाला धार आली की सगळी बिल्डिंग कामं टाकून धावायची. आमच्या मोरीत मात्र पिंप भरून वाहत असायचं आणि आई पिंपाशेजारी उभी. बाबा ओरडायचे, "अगं, कुठे आहेस?" ती दचकून नळ बंद करायची आणि म्हणायची, "इथेच."

हे सवाल-जवाब मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलेत की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. कुठे आहेस? इथेच.

सातारची आत्या आली की तोंडावर म्हणायची, "वहिनी वेंधळीच आहे बाई." ते आईला लागायचं. बाबांचा शब्द लागायचा नाही. इंग्रजीत म्हटल्यावर तो दोष वाटायचाच नाही, काहीतरी पदवी मिळाल्यासारखं वाटायचं. पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा गेला की बाबा हसून सांगायचे, "आमची ही जरा ॲबसेंट-माइंडेड आहे." पाहुणे मान डोलवून तोच चहा पिऊन टाकायचे. मला मात्र राग यायचा, खोटं कशाला बोलू? बाबांचा, आईचा, त्या चहा पिणाऱ्या पाहुण्यांचाही.

पण खरी कटकट होती ती गच्चीवरच्या कपड्यांची.

चंदनसारला आमची बिल्डिंग तेव्हा नवीन होती. मागे भातखाचरं, पुढे अर्धवट बांधलेले सांगाडे, आणि गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांच्या मिळून दोऱ्या. दुपारी बाया झोपायच्या. सगळीकडे सामसूम व्हायची, दूर कुठेतरी सळई ठोकल्याचा आवाज तेवढा यायचा. अशा वेळी आई उठून गच्चीवर जायची आणि कपडे उलटे करायची. म्हणजे खरंच, एकेक कपडा काढून, उलटा करून पुन्हा वाळत घालायची. आपलेच नाहीत, सगळ्यांचे. आणि उन्हं कलायला लागली, म्हणजे अजून चांगलं ऊन असताना, पुन्हा वर जाऊन सगळे कपडे काढून आणायची. ओले असोत की वाळलेले. आपले असोत की शेजाऱ्यांचे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भांडायला यायच्या. "अहो, माझी चादर निथळतेय अजून! आणि तुम्ही घडी करून आणून दिलीत?" आई चादरीकडे अशी बघायची, जणू ती चादर आहे हे तिला आत्ताच कळलं. बाबा घरी असले की पुढे व्हायचे. सॉरी हं, आमची ही जरा. काकू पुटपुटत निघून जायच्या.

एकदा मी मुद्दाम तिच्या मागोमाग वर गेले. कपडे काढून झाले होते. सगळा ढीग कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन ती कठड्याशी उभी होती, पश्चिमेकडे तोंड करून. तिकडे रुळांच्या पलीकडे झाडांची एक निळसर रेघ दिसायची. ऊन तिरपं झालं की ती रेघ आधी सोनेरी व्हायची आणि मग धुरकट होत जायची. मी हाक मारली. तिला ऐकू आली नाही. मीही मग तिच्या पदराचं टोक धरून तशीच उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. तो वेळ मला अजून आठवतो आणि छान वाटतं. वाऱ्याला ओल्या कपड्यांचा आणि साबणाचा वास येत होता.

त्या निळ्या रेघेत आगाशी होतं. आगाशी म्हणजे आईचं माहेर. विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की बस मिळते, आणि बसमध्ये नीट बूड टेकेपर्यंत आगाशी येतं. इतकं जवळ. पण माझ्या जन्माआधीपासून आई तिकडे गेली नव्हती.

बाबा नोकरीला लागले तेव्हा आगाशीत खोली घेऊन राहायचे, आईच्या शेजारीच. तिच्या घरची केळीची बागायत होती, ते लोक तिला वाडी म्हणतात. आईचे आईवडील लवकर गेले होते, घरात थोरला भाऊच वडिलांच्या जागी. त्याला हा घाटावरचा, दुसऱ्या जातीचा, भाड्याच्या खोलीतला कारकून पसंत नव्हता. आईने बाबांशी लग्न केलं. मामाने सांगितलं, या वाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. आईने तो शब्द पाळला. आमच्या घरात आगाशी हा शब्दच कुणी काढत नसे. बाजारात कुणी म्हणालं, "आगाशीची केळी घ्या ताई," तर आई पुढच्या गाडीकडे वळायची.

मी नववीत असताना एका संध्याकाळी शाळेतून आले तर जिन्यात धूर. आई डाळ शेगडीवर ठेवून गच्चीवर गेली होती. डाळीचा कोळसा झाला होता, मोठ्या आचेवर ठेवलेल्या पातेल्याचं बूड लालभडक, बाजूच्या फडक्याने पेट घेतलेला. दार उघडं होतं म्हणून बरं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच काकूंनी आत शिरून गॅस बंद केला, फडक्यावर बादली ओतली. आई वरून खाली आली, हातात सगळ्या बिल्डिंगचे कपडे.

बाबा आले आणि काळी पडलेली भिंत बघून मटकन खाली बसले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठे होतीस गं?"

आणि आई म्हणाली, "वाडीत."

तिलाच ते ऐकून नवल वाटलं. तिने तोंडावर हात ठेवला. मग भांडी घासायला बसली आणि कितीतरी वेळ ते काळं पातेलंच घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, ऑफिसातल्या साहेबांच्या ओळखीचे एक डोक्याचे डॉक्टर आहेत, दाखवून घेऊ या. मी भडकले. बाबांशी असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "तिला डॉक्टर काय करायचाय? ती सांगतेय ना कुठे आहे ते! तिथे न्या की तिला." बाबांनी शर्टाच्या खिशातला पेन काढून पुन्हा खिशात लावला. "तो दारात उभं करणार नाही मला," म्हणाले. "मग दाराबाहेर उभे राहा," मी म्हटलं. आता वाटतं, काय तोंड होतं माझं! पण त्या माणसाने खरंच ऐकलं.

थंडीचे दिवस होते. रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला सांगितलं, चल, बाहेर जाऊन येऊ. कुठे ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, तिचं कुठे लक्ष होतं! स्टेशनजवळ बाबा म्हणाले, "थांबा, रिकाम्या हाताने कसं जायचं?" आणि घाईघाईने काहीतरी पिशवीत घेऊन आले. बसवर पाटी आगाशीची. आई ती पाटी वाचत पायरीशीच थांबली. मागचे लोक खेकसायला लागले. बाबांनी तिचा दंड धरून तिला वर चढवलं.

बस निघाल्यावर मी पिशवीत डोकावले. आत डझनभर केळी.

"बाबा! केळीवाल्याच्या घरी केळी?"

बाबांनी पिशवीत पाहिलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे. मी म्हटलं, "आता ॲबसेंट-माइंडेड कोण?" आणि आई हसली. खिडकीकडे तोंड करून, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते मला कळलं नाही. बाहेर माड मागे पळत होते, नारळीच्या सावल्या तिच्या चेहऱ्यावरून जात होत्या.

वाडीत शिरताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना केळी, वर पोफळी. आत ऊन कमी आणि हवा गार, सगळीकडे एक गोड, आंबूस वास. असा वास मी कधी घेतला नव्हता, तरी तो ओळखीचा वाटला. अंगणात मामा बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते, पण विचारावं लागलं नाही. आईचंच नाक. त्याने आम्हाला पाहिलं, आणि मान वळवून विहिरीकडे बघत बसला. ये नाही की जा नाही. मामी मात्र धावत बाहेर आली, "ये बाय," म्हणाली. बाबांनी काही न सुचून पिशवी पुढे केली. मामीने आत पाहिलं. एकदा केळी, एकदा बाबा, एकदा चहूकडची बाग असं बघितलं आणि जी काय हसत सुटली! मामाने हसू दाबलं, मी पाहिलं.

आम्ही ओट्यावर बसलो. पाणी झालं, चहा झाला. समोर अंगणभर कारवीच्या काठ्यांचे बुटके मांडव, आणि त्यांवर सोललेली राजेळी केळी ओळीने वाळत घातलेली. मामीने मला हळू आवाजात सांगितलं, याची सुकेळी होतात. दिवसभर उन्हात ठेवायची, दुपारी उलटायची, आणि उन्हं कलली की दव पडायच्या आत उचलून टोपल्यांत भरायची, वर केळीची सुकी पानं झाकायची. असं आठवडाभर. एक रात्र जरी दवात राहिली की आंबलीच. तुझी आई परकरात होती तेव्हापासून हे काम तिचं. ती उचलायची आणि मी फक्त टोपल्या धरायचे, मामी म्हणाली.

मी गच्चीकडे बघावं तसं त्या अंगणाकडे बघत राहिले. दुपारी उलटायची. उन्हं कलली की उचलायची. अगं आई गं.

ऊन पोफळींच्या शेंड्यांवरून खाली यायला लागलं. सोनेरी धूळ मांडवांवर तरंगत होती आणि केळ्यांवर सुटलेला रस चकाकत होता. मामा विहिरीकडे बघत होता, बाबा स्वतःच्या बुटांकडे. आणि आई उठली. कुणाला काही न विचारता, कुणाकडे न बघता, पदर खोचून अंगणात गेली आणि कोपऱ्यातली टोपली ओढून तिने केळी उचलायला सुरुवात केली. प्रत्येक केळं बोटांनी किंचित दाबायची आणि ठेवायची. घरी भाताचं मीठ विसरणारी ही बाई! एक केळं तिने चुकवलं नाही, एक पाडलं नाही.

मामा तसाच पाठमोरा बसून म्हणाला, "त्या कडेची आधी उचल. तिथे सावली लवकर येते." त्यांची बोली वेगळी आहे. ती माझ्या तोंडी नीट बसत नाही, म्हणून मी माझ्या मराठीत सांगतेय.

"माहितेय, दादा," आई म्हणाली.

इतकंच. एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर दोघं एवढंच बोलली. मग बाबांनी बूट काढले, पँट वर दुमडली, आणि जाऊन टोपलीचा दुसरा कान धरला. मामाने बघितलं आणि काही म्हटलं नाही. मी ओट्यावर बसून हुंदके देत होते आणि मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्याच वर्षी शाळेत इंग्रजीच्या धड्यात तो ॲबसेंट-माइंडेड शब्द आला. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, मन ठिकाणावर नसलेला. मला पटेना. वाचनालयातला जाडजूड शब्दकोश काढला. त्यात विसरभोळा होतं, बेसावध होतं, आणि शेवटी एक जुना शब्द होता, अन्यमनस्क. ज्याचं मन दुसरीकडे आहे तो. मी तिथेच बाकावर बसून तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. वर्गात हजेरी घेतात तशी मनाची गैरहजेरी मांडून इंग्रजी शब्द मोकळा होतो. या शब्दाला मात्र ठाऊक होतं की मन नुसतं गेलेलं नाही, ते कुठेतरी बसलेलं आहे आणि तिथे त्याला काम आहे. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "तोंडात बसत नाही गं," म्हणाले. "आपला ॲबसेंट-माइंडेडच बरा."

पुढे मी इंग्रजीच शिकवायला लागले, तेही विरारच्याच शाळेत. मुलांना हा शब्द शिकवताना मी अजून थोडी रेंगाळते.

त्या रविवारनंतर दर हिवाळ्यात आई वाडीत जायची. सुकेळ्यांच्या दिवसांत पंधरवडाभर राहायची आणि परत येताना तिच्या बोटांना तो आंबूसगोड वास असायचा. घरी आली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दूध उतू, नळ वाहता, काकूंची ओली चादर घडी घालून दारात. पण आता आम्हाला ठाऊक होतं. रविवारी दुपारी ती मध्येच थांबली की बाबा मला डोळ्याने खुणावायचे, गेली बघ आगाशीला. मग आम्ही दोघं टीव्हीचा आवाज कमी करायचो. शेगडीवर तेवढं मी लक्ष ठेवायचे. त्या दुपारी फार निवांत असायच्या. आई समोर असायची, घरात केळीच्या पानांची सळसळ ऐकू येतेय असं वाटायचं, आणि आम्हीही तिच्याबरोबर थोडे तिकडे जाऊन यायचो.

मग आगाशीतल्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं. आधी एका विहिरीचं, मग बाजूच्या. केळीची पानं कडेने करपू लागली. मामाची मुलं नोकऱ्यांना लागली होती, त्यांना वाडी नको होती. मामा थकला होता. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याने वाडी विकली. तो स्वतः येऊन सांगून गेला. आमच्या घरी पहिल्यांदाच आला होता. आईने त्याला चहा दिला, साखर बरोबर होती. ती म्हणाली, "दादा, तू तरी काय करणार."

एकदाच आम्ही बघायला गेलो. पोफळी नव्हत्या, विहीर बुजवलेली, सगळीकडे ऊनच ऊन. अंगण नेमकं कुठे होतं ते मला सापडलं नाही. आईला सापडलं असणार, ती एका जागी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चला, बस चुकेल."

ती रडली नाही, आजारी पडली नाही. मी आपली वाट बघत होते काहीतरी होण्याची. झालं ते असं की दूध उतू जायचं थांबलं.

मला कळायला वेळच लागला. भाताला मीठ नेमकं. पिंप गळ्यापर्यंत भरलं की नळ बंद. गच्चीवर ती फक्त आपले कपडे आणायला जायची, कडकडीत वाळल्यावर, दिवेलागण झाल्यावर, आणि लगेच खाली यायची. काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "आई आता छान सावध झाली हो तुझी." मी हो म्हटलं आणि घरात येऊन बाथरूमचं दार लावून रडले. बाबांनी तो शब्द वापरायचं सोडून दिलं. वापरणार कुणासाठी?

एका संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते, मी पेपर तपासत होते. शेगडीवर दूध होतं. ते वर येऊ लागलं तसा बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. साय फुगली, काठाशी आली. बाबा श्वास रोखून बघत होते. मला कळलं, ते मनातल्या मनात म्हणत होते, जाऊ दे, आज तरी जाऊ दे. आईने हात पुढे केला आणि गॅस बंद केला. साय खाली बसली.

"कुठे आहेस?" बाबांनी विचारलं.

"इथेच," आई म्हणाली, आणि कोरडा ओटा पुसायला लागली.

"माहितेय," बाबा म्हणाले.